निळा पडलेला कोयता



मागच्या आठवड्यात खोडव्याचे फोटो टाकले तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की बांधाकडच्या सात सऱ्या एवढ्या मागं का? खत कमी पडलं का, पाणी पोचत नाही का, हुमणी लागली का? एका कृषी पदवीधर मित्रानं तर माती तपासून घ्या म्हणून सांगितलं. मित्रांनो, मातीत काही दोष नाही. त्या सात सऱ्या मी बिघडवल्यात, आणि त्याही शेतात पाय न ठेवता, शेडमध्ये मशीनसमोर उभं राहून. सांगायची लाज वाटत होती म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आज लिहितो.

आमच्या थोरल्यानं खंडेनवमीच्या आधी धार लावायचं पट्ट्याचं मशीन आणलं. बेल्ट सँडर म्हणतात त्याला. एक इंच रुंद आणि तीस इंच घेराचा पट्टा, चाकांवरून गरागरा फिरतो. पट्ट्याला काचपेपरसारखे खडे चिकटवलेले असतात. सिंगल फेजवर चालतं, म्हणजे थ्री फेजच्या पाळीची वाट बघायला नको. पट्टे नंबरावर मिळतात. ८० नंबर भरड, १२० मध्यम, ४०० म्हणजे हात फिरवला तर गुळगुळीत. नंबर मोठा तेवढा खडा बारीक, हे मला उलटं वाटायचं, दोन पट्टे चुकीचे मागवल्यावर डोक्यात बसलं.

खंडेनवमीला दरवर्षी आम्ही कोयता, विळे, खुरपी, कुऱ्हाड, टिकाव सगळं धुऊन पूजेला मांडतो. यंदा सगळं चकाचक करून मांडलं. घरची म्हणाली, देवापुढं एवढं चमकलेलं खुरपं मी आजवर बघितलं नव्हतं. झालं, माझ्या अंगात आलं. सुपारी कातरायचा अडकित्ता सोडला नाही की बाजल्याखालची जुनी सुरी सोडली नाही. शेजारीपाजारी आपली हत्यारं घेऊन यायला लागले. ठिणग्या उडायच्या, पोरं बघायला जमायची, मी आपला गॉगल लावून उभा. लोहाराकडं जायचं, नंबर लावायचा, चहा पाजायचा, या सगळ्यातून सुटका झाली असं मी चार माणसांत बोलूनही दाखवलं.

डिसेंबरात आमच्या ८६०३२ ला तोड आली. टोळी बीडकडची. दहा कोयत्यांची.

शहरातले काही मित्र हे पान वाचतात, त्यांच्यासाठी सांगतो. दहा कोयते म्हणजे दहा माणसं नव्हेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर ठरते, करार कोयत्यावर होतो, मुकादमाच्या वहीत नाव कोयत्यावर असतं. दोघं मिळून दिवसाला दोन टनाच्या आसपास तोडतात, साळतात, मोळ्या बांधतात आणि वर ट्रॉली भरतात. मजुरी टनावर. म्हणजे ज्या दिवशी कोयता चालला नाही त्या दिवशी दोन माणसांची मजुरी गेली आणि अंगावरची उचल जशीच्या तशी राहिली.

त्यांच्या कोपी आमच्या विहिरीजवळ होत्या. संध्याकाळी चुली पेटल्या की कानशीचा आवाज सुरू व्हायचा. कर्र कर्र कर्र. गडी कोयता मांडीखाली दाबून कानशीनं धार काढत बसायचे. पाऊण-पाऊण तास. पहाटे तीनला उठायचं असताना. मला वाटलं, काय हा खटाटोप. आपल्याकडं मशीन आहे.

मीच म्हणालो, पाव्हणं, आणा की इकडं, दोन मिनिटांत लावून देतो.

सहा कोयते आले. पट्टा ८० चा होता आणि गावभरची हत्यारं घासून घासून गुळगुळीत झालेला. नवा पट्टा घरात नव्हता. पट्टा खात नाही म्हटल्यावर मी दाबून धरायला लागलो. बादली शेजारी होती, पण अंधार पडत आलेला, माणसं उभी, मी घाईत. पाण्यात बुडवायचा तो पूर्ण घासून झाल्यावर, एकदाच. चुर्र आवाज यायचा, वाफ निघायची, मला तर तेही भारी वाटायचं. शेवटचे दोन कोयते एका जोडप्याचे होते. त्या दोन्हींच्या नाकाला, म्हणजे टोकाकडच्या वाकड्या भागाला, निळी झाक आली. मोरपिसासारखी. एकाच्या अगदी कडेला निळ्याच्याही पुढं जाऊन राखाडी. मला वाटलं, तापल्याचा डाग आहे, दोन वार मारले की जाईल. अंगठ्यानं धार बघितली, वस्तऱ्यासारखी. तो गडी खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आठ-साडेआठला मी फडात गेलो. बाकीच्या जोड्या पुढं गेलेल्या, हे दोघं मागं. बाईनं एका उसाला तीन-तीन घाव घातलेले मी डोळ्यानं बघितले. कोयता बुडाला लागत होता, पण कापत नव्हता, चेचत होता. गड्यानं कोयता वर करून दाखवला. धार बोथट नव्हती झाली, ती वळली होती. पत्र्याची कड दुमडावी तशी एका अंगाला दुमडलेली. त्यानं दगडावर सरळ केली, चार ऊस तोडले, पुन्हा दुमडली.

तेवढ्यात मुकादम आला. त्यानं ट्रॉलीकडं बघितलं, या दोघांच्या मोळ्या बघितल्या आणि सुरू झाला. रात्री काय करत होता, हत्यार नीट ठेवता येत नाही का, उचल घेताना बरं कळतं. मी बांधावर उभा होतो, पंधरा फुटांवर. मी बोललो नाही. मोबाईल काढून काहीतरी बघितल्यासारखं केलं. तो गडीही बोलला नाही, की मालकानं धार लावली म्हणून. मी या पानावर खतांच्या मात्रा लिहितो, फवारणीच्या चुका लिहितो, दुसऱ्यांच्या बी चुका दाखवतो. ते पंधरा फूट मात्र मला त्या दिवशी चालवले नाहीत.

दुपारी दोन्ही कोयते घेतले, गाडी काढली आणि शेजारच्या गावच्या लोहाराकडं गेलो. ज्याच्यापासून सुटका झाली म्हणून सांगत फिरत होतो त्याच्याकडंच. वय सत्तरीपुढचं, त्याला आम्ही मामा म्हणतो. आमच्या वडिलांच्या वेळेला त्याच्या घरी बलुतं जायचं. मी काय झालं ते सांगायच्या आत त्यानं कोयता उन्हात धरला आणि म्हणाला, "जाळलास की रं."

मग त्यानं कानस घेतली. कोयत्याच्या मुठीकडच्या भागावर ओढली. करकर वाजली, जेमतेम चावली. मग नाकाकडं ओढली. आवाजच नाही, लोण्यात गेल्यासारखी आत. "हितलं पाणी उतरलंय," म्हणाला.

मी म्हणालो, मामा, पण कोयता हाताला गरम लागत नव्हता. यावर तो जे बोलला ते मी तुमच्यासाठी माझ्या भाषेत मांडतो, कारण सगळी चूक तिथंच आहे. कोयत्याची पाठ जाड, धार केसाएवढी. पट्ट्याच्या घासणीची उष्णता धारेत तयार होते, आणि पाठीपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. तोवर धार दोन-तीन सेकंदांत शिजून निघालेली असते. आपला हात पाठीवर असतो, तो गार लागतो, म्हणून आपण फसतो. तापत जाताना पोलादावर रंग चढतात. आधी फिकट पिवळा, वाळल्या काडासारखा. मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. आयटीआय केलेल्या भाच्यानं नंतर आकडे सांगितले. पिवळा साधारण २२० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. त्याच्या पुढं राखाडी. निळ्यापर्यंत गेलं की धारेचा कडकपणा ढिला पडायला लागतो आणि राखाडी झाली की संपलंच. मग ती कितीही चमकू दे, उसाच्या कांड्यावर ती टिकत नाही. आणि नंतर बादलीत बुडवून काही होत नाही. पोलाद लाल होण्याइतकं तापलेलं नसताना पाण्यात घातलं तर ते फक्त गार होतं, कडक होत नाही. म्हणजे माझं ते चुर्र निव्वळ आवाजाचं काम होतं.

मामानं दोन्ही कोयत्यांची निळी कड दोन-अडीच सूत घासून काढून टाकली. भाता पेटवला. त्याच्याकडं आता हातभात्याऐवजी पंखा आहे. हे कोयते ट्रकच्या कमानपाट्याचे, तर कमानपाट्याला पाण्यात टाकलं की चिरा जायची भीती, म्हणून त्यानं डब्यात जळकं तेल ठेवलं होतं. नाव पाणी, पाजायचं तेल. धारेकडचा भाग गुंजेसारखा लाल झाला तसा नुसती धार तेलात धरली, पाठ बाहेर तापलेलीच ठेवली. मग बाहेर काढून एका बाजूला दगड घासून पोलाद उघडं केलं आणि बघत बसला. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडं सरकत आली, तिच्याबरोबर रंग सरकत आला. पिवळा धारेला पोचून तपकिरीकडं झुकला तोच, अख्खा कोयता तेलात. माझ्या मशीनवर जो रंग मी डाग समजलो, त्याच रंगावर हा माणूस पन्नास वर्षं पोट भरतोय. पैसे त्यानं तोंडाला येतील तेवढेच सांगितले, म्हणजे फारच कमी. वर म्हणाला, मिशन वाईट नाही, पण पुढं बादली आन् माघारी अक्कल पाहिजे.

संध्याकाळी कोपीवर गेलो. कोयते दिले. आधी मुकादमाला गाठून सांगितलं, की चूक माझी होती. तो हसला, बोलला, ऱ्हाऊ द्या हो मालक, चालतंय. त्या जोडप्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी हिशोब करून पुढं केली. गडी नको नको म्हणत होता. बाईनं घेतली, मोजली, कनवटीला लावली. म्हणाली, "पैशाचं नाय मालक. मुकादम बोलत व्हता तवा तुमी तिथंच व्हते."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा केला होता त्यांनी, तो पिऊन आलो.

आता त्या सात सऱ्यांचं. त्या सकाळी बिघडल्या कोयत्यांनी जेवढा ऊस तुटला तो तिथला. धार नसली की माणूस खाली वाकून जमिनीलगत घाव घालत नाही, कारण तिथं कांडं जाड आणि टणक. आपसूक घाव चार बोटं वर येतो. एक तर बुडाकडचं जास्त साखरेचं कांडं शेतातच राहतं. दुसरं म्हणजे बुडखा चेचतो, उभा फाटतो, त्यातून पाणी आणि बुरशी आत जाते. तिसरं खोडव्याच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट. जमिनीवर राहिलेल्या कांड्याचे डोळे आधी फुटतात. ते फुटवे वरचेवर असतात, त्यांच्या मुळ्यांना माती सापडत नाही, आणि जमिनीखालचे जोमदार डोळे दबून राहतात. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस आपण सगळे वाचतो, की तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटून घ्या आणि बुरशीनाशक फवारा. बाकीच्या प्लॉटवर मी ते वेळेत केलं, लिटरला १ ग्रॅम बाविस्टीन घेऊन. या बाजूला गडी मिळायला पंधरवडा उशीर झाला, तोवर वरचे फुटवे हातभर झाले होते. छाटल्यावर पुन्हा खालून फुटायला वेळ गेला. ते अंतर अजून भरून आलेलं नाही. शिवाय तुटाळी पडल्या त्या वेगळ्या.

तर ज्यांच्याकडं हे मशीन आहे किंवा घ्यायचा विचार आहे त्यांना, माझ्या चुकीच्या खर्चात थोडं सांगतो. मशीन मी अजून वापरतो, विकलेलं नाही.

पट्टा नवा वापरा. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो, आणि आपण आणखी दाबतो. पट्ट्याच्या पैशात काटकसर केली की ती हत्यारातून जाते. पट्ट्याच्या पाठीवर बाण असतो, त्याच दिशेनं चढवायचा, नाहीतर जोड उखडून फटकारा बसतो. धार पट्ट्याच्या चालीच्या विरुद्ध धरायची नाही. पट्टा वरून खाली येत असेल तर धार खाली तोंड करून, म्हणजे पट्टा पाठीकडून येऊन धारेवरून निघून जातो. उलट धरलं तर धार पट्ट्यात रुतते आणि हत्यार हातातून हिसकून जातं. दाब हत्याराच्या वजनाएवढाच. मुठीपासून टोकापर्यंत एकदा ओढायचं, थांबायचं नाही, आणि टोकाला आल्यावर तर अजिबात नाही, कारण तिथं पोलाद कमी, ते आधी जळतं. प्रत्येक ओढीनंतर बादलीत. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी मनात दोन आकडे म्हणतो आणि बुडवतो. हातमोजे घालायचे नाहीत. फिरत्या मशीनमध्ये मोजा अडकला तर बोट घेऊन जातो, आणि उघड्या बोटाला ऊब तरी कळते. डोळ्याला गॉगल, तोंडाला रुमाल, गळ्यातलं उपरणं काढून ठेवायचं.

आणि शेडमध्ये पाचट, कडबा, भुसा काही ठेवू नका. ठिणगी पडल्यावर लगेच पेटत नाही, आत धुमसत राहते. मी आता मशीन सिमेंटच्या कट्ट्यावर उघड्यावर नेलंय.

एका अंगाला घासून झालं की दुसऱ्या अंगाला बोट आडवं फिरवून बघा, बारीक तार लागेल, केसासारखी. ती निघाली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. पण ती तार ठेवून काम करायचं नाही, ४०० च्या पट्ट्यावर किंवा साध्या दगडावर हलक्या हातानं काढून टाकायची. माझी पहिली "वस्तऱ्यासारखी" धार म्हणजे बहुतेक ती तारच होती.

भांगलणीच्या खुरप्याचं वेगळं. बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच खुरपी साध्या लोखंडी पट्टीची असतात. पट्ट्याला टेकवून ठिणग्या बघा. लांब, सरळ, न फुटणाऱ्या रेषा आल्या तर साधं लोखंड. फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर पोलाद. साध्या लोखंडाला पाणी नाहीच, तर उतरणार काय? ते मशीनवर बिनधास्त घासा, पण दुपारी पुन्हा बोथट होणार. भांगलणीला बारा बायका असतील तर मी आता चौदा खुरपी लावून नेतो आणि दोन बांधावर ठेवतो. बोथट खुरप्यानं तण कापत नाही, उपटावं लागतं, आणि ते मनगटात येतं. आमच्याकडच्या बायका सांगत नाहीत, मालकाला काय सांगायचं म्हणून. विचारल्यावर सांगतात.

द्राक्षवाल्या मित्रांसाठी एवढंच, की छाटणीच्या कात्रीचं फक्त उतार असलेलं अंग घासायचं. सपाट अंग मशीनला दाखवायचं नाही. तिथं दोन पात्यांत फट पडली की काडी कापायच्या ऐवजी चघळली जाते. कडबा कुट्टीची पाती काढून, आधी मेन स्विच बंद करून, दोन्ही सारखीच घासायची. एक जास्त झिजलं की चाक थरथरायला लागतं.

कोयत्याची शेवटची धार मात्र मी आता मशीनवर काढत नाही. खांडं पडलेली असतील तर तेवढी १२० च्या पट्ट्यावर पाण्यासोबत काढायची, आणि पुढचं कानशीनं. कानस पाऊण तास घेते, पण तापवत नाही. संध्याकाळी बसून ते लोक जे करत होते ते अडाणीपणा नव्हता हे मला दोन कोयते जाळून कळलं.

टोळी आमच्या शिवारात फेब्रुवारीपर्यंत होती. त्यानंतर कुणी माझ्याकडं कोयता आणला नाही, मीही विचारलं नाही. दोन नव्या कानशी मात्र घेऊन दिल्या होत्या, त्या वापरत होते. जायच्या आदल्या दिवशी ट्रकमध्ये भांडीकुंडी भरताना त्याच बाई आमच्या दारात आल्या, हातात स्वयंपाकाची विळी. पातं पार गेलेलं.

म्हणाल्या, "मालक, मिशनीवर नगं. हातानं लावा."

पायरीवरच्या दगडावर पाणी टाकून लावून दिली. अर्धा तास लागला. तोवर त्या घरचीपाशी बसून गावाकडच्या पोरीच्या शाळेचं बोलत होत्या.

सात सऱ्यांतल्या तुटाळी गेल्या सोमवारी पिशवीतल्या रोपांनी सांधल्यात. पाऊस चांगला झाला तर जुलैअखेर फोटो टाकतो.